त्र्याण्णव नंबरचा काप

आमच्या घरात चुकीला चूक म्हणत नाहीत, त्र्याण्णव म्हणतात. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, मोजा उलटा घातला, छत्री दुकानात विसरून आलात, की आईचं ठरलेलं, "केलंत ना त्र्याण्णव?" लग्न झाल्यावर मी नवऱ्याला पहिल्यांदा असं म्हटलं तेव्हा तो बिचारा कशाचे त्र्याण्णव म्हणून बराच वेळ विचार करत बसला. आता तोही म्हणतो, आणि आईपेक्षा जास्त म्हणतो, कारण मी त्याला संधीच तेवढ्या देते.

हे मूळचं त्र्याण्णव माझ्या बाबांचं. तो सशाच्या मेंदूच्या एका कापाचा नंबर आहे. आई-बाबा दोघंही एकाच प्रयोगशाळेत कामाला होते. आई कापणारी, बाबा काढणारे. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या मेंदूचे आई यंत्रावर इतके पातळ काप घ्यायची की ते फुंकरीने उडायचे. म्हणून त्या खोलीत पंखा नव्हता आणि भर उन्हाळ्यातही सगळे श्वास जपून घ्यायचे. काप कोमट पाण्यावर सोडायचा, नीट पसरला की काचेवर अलगद उचलायचा आणि काच पुढे रंगवायला द्यायची. रंगवलेली काच बाबांच्या टेबलावर यायची. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला आरशाची एक नळी जोडलेली होती. तिच्यातून पाहिलं की काप आणि कागदावरचं पेन्सिलीचं टोक दोन्ही एकाच वेळी दिसायचं. मग बाबा ट्रेसिंग पेपरवर त्या कापाची एकेक कड गिरवायचे आणि वर शाई भरायचे. एका सशाचे एकशे चौसष्ट काप, एकशे चौसष्ट कागद. ससा केव्हाच गेला होता, ही दोघं त्याच्यामागे सव्वा वर्ष बसली.

मीही त्याच प्रयोगशाळेत आहे. वशिल्याने लागली, असं लोक म्हणायचे, आणि माझ्या नाकावर कायम राग असल्यामुळे पहिली पाच वर्षं मी प्रत्येकाशी भांडले. आता बावीस वर्षं झाली. म्हणणारे सगळे निवृत्त झाले आणि भांडायलाही कुणी उरलं नाही.

नव्या डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान आहेत आणि मला ताई म्हणतात. त्यांना तळघरातल्या कपाटात तो ससा सापडला. म्हणजे काचांचे लाकडी डबे आणि बाबांच्या कागदांचे गठ्ठे. मॅडमनी सगळं स्कॅन करून घेतलं आणि मला बोलावून सांगितलं की हे दोन्ही कॉम्प्युटरवर एकमेकांवर बसवायचं आहे, सगळ्यांना पाहता येईल असा संच करायचा आहे. बाबांचं नाव त्यात जाणार होतं. आणि मॅडम म्हणाल्या की कापणाऱ्याचंही नाव द्यायचं. कापणाऱ्याचं नाव आजवर कुणी कुठे दिलेलं नव्हतं. मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघू देतात का," आणि मग दोन दिवस शेजारणींना फोन करत होती.

काम सांगायला सोपं आहे. पडद्यावर खाली कापाचा फोटो, त्यावर बाबांचं रेखाटन, काचेसारखं आरपार केलेलं. रेखाटन सरकवायचं, फिरवायचं, थोडं ताणायचं, कापाच्या कडेवर त्याची कड बसवायची. मग दोन्हीवर जोडीजोडीने खुणेचे बिंदू टाकायचे, की सॉफ्टवेअर उरलेलं जुळवतं आणि किती टक्के जमलं ते खाली सांगतं. बाबांचे कागद सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी बसत होते. मॅडम दर वेळी मान हलवायच्या. मला इतका अभिमान वाटायचा, जणू मीच काढले होते.

पहिल्या दहा कागदांतच एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक रेखाटन मला दोन अंश उजवीकडे फिरवावं लागत होतं. पहिलं दोन अंश, दुसरं दोन अंश, तिसरं पावणेदोन. मॅडमना वाटलं की स्कॅनरमध्ये कागद वाकडा लागतोय. स्कॅनरचा काही दोष नव्हता. बाबा कुठलीही गोष्ट बघताना मान जराशी डावीकडे टाकून बघायचे. वर्तमानपत्र असो, माझं प्रगतिपुस्तक असो, नाहीतर मी पसंत केलेला मुलगा असो. त्यांनी भिंतीवर लावलेला एकही फोटो सरळ नव्हता. आई जाता-येता ते सरळ करायची आणि बाबा जाता-येता पुन्हा आपल्या दोन अंशांवर आणून ठेवायचे. ह्यावरून त्यांच्यात वाद झालेला मला आठवत नाही, दोघंही आपापलं काम करून पुढे जायचे. बाबा गेल्याला चार वर्षं झाली. फोटो अजून कललेले आहेत, आई आता त्यांना हात लावत नाही. मी रोज त्या खोलीत बसून बाबांची मान दोन-दोन अंशांनी सरळ करत होते आणि मला त्यांची फार आठवण येत होती.

ब्याण्णवपर्यंत सगळं छान गेलं. त्र्याण्णव येणार हे मला अर्थातच माहीत होतं. कागदाच्या कोपऱ्यात त्यावेळच्या मोठ्या सरांनी मारलेली लाल फुली होती. बसवून पाहिलं, चौऱ्याऐंशी टक्के. मेंदूच्या दोन बाजू जवळपास सारख्याच असतात, त्यामुळे पटकन कळत नाही. पण एका बाजूला कापाला छोटी चीर होती आणि रेखाटनात ती दुसऱ्या बाजूला होती. रेखाटन आरशातल्यासारखं उलटं करायचं एक बटण असतं, ते दाबलं. अठ्ठ्याण्णव टक्के.

म्हणजे घरातली गोष्ट खरी होती. ती गोष्ट आई रंगवून सांगायची. तेव्हा आई कामावर नवी होती, तात्पुरती होती, तीन महिन्यांची मुदत होती. मोठ्या सरांचा एक नियम होता, काप उलटा बसवला की कापणारी घरी. त्याच यंत्रावरच्या आधीच्या दोन मुली एकेका उलट्या कापापायी गेल्या होत्या. आणि आईने पुढे एकतीस वर्षं काप घेतले, एकही उलटा नाही. बाबा मात्र त्याच वर्षी डावं-उजवं चुकले. मोठ्या सरांनी सगळ्यांदेखत त्यांना झापलं, काच खोटं बोलत नाही, असं टेबल आपटून सांगितलं, वहीत ताकीद लिहिली, आणि बाबांचं कायम होणं वर्षभर लांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई, म्हणजे तेव्हाची ती पंचवीस वर्षांची तोंडाळ मुलगी, लेबलं लिहायचा शाईचा पेन घेऊन बाबांच्या टेबलापाशी गेली. तोवर दोघं एकमेकांशी धड बोललेही नव्हते. तिने त्यांचा डावा हात ओढून अंगठ्याच्या नखावर ठिपका दिला आणि म्हणाली, "हे डावं." सगळी खोली हसली. बाबाही हसले. आणि तो ठिपका त्यांनी पुसला नाही.

त्यातून काय झालं ते उघडच आहे, मी त्याचा पुरावा आहे. लग्नानंतरही रोज कामाला निघताना बाबा दारात अंगठा पुढे करायचे आणि आई ठिपका द्यायची. मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांचेच बाबा असे शाई लावून कामाला जातात.

रेखाटन उलटं केलं की त्याचं कारण नोंदवावं लागत होतं. मॅडमनी त्यासाठी दोनच पर्याय ठेवले होते, रेखाटनाची चूक किंवा कापाची चूक. ज्याची चूक त्याच्या नावापुढे आकडा लागणार, संचाबरोबर छापला जाणार. मी रेखाटनाची चूक निवडलं आणि पुढे गेले. चौऱ्याण्णव बसवला. मग नुसती सवय म्हणून बाणाचं बटण दाबत मागे गेले, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, ब्याण्णव, आणि काहीतरी टुणकन उडालं.

आई ठोकळा कापायला घेण्याआधी त्यात एक तापवलेली सुई आरपार घालायची, नेहमी डाव्या अंगाला, खालच्या बाजूला. त्यामुळे प्रत्येक कापात डावीकडे टाचणीच्या टोकाएवढं भोक यायचं. डावं कुठलं ते कळावं म्हणूनच ही युक्ती. चौऱ्याण्णवमध्ये भोक डावीकडे होतं. त्र्याण्णवमध्ये उजवीकडे. ब्याण्णवमध्ये पुन्हा डावीकडे. मी दहा वेळा मागे-पुढे केलं. भोक दहाही वेळा उडालं.

म्हणजे काचच खोटं बोलत होती. काप पाण्यावर पालथा पडला होता आणि आईने तो तसाच उचलला होता. बाबांच्या रेखाटनात भोकाची बारीक गोल खूण होती, ती मात्र डावीकडे, जिथे हवी तिथेच.

मी तळघरात जाऊन मूळ कागद काढला. उजेडात तिरका धरला. मागच्या बाजूला पेन्सिलीची अख्खी आकृती होती, पुसट झालेली, पण टोकाचा दाब बोटाला लागत होता. बाबांनी आधी काप जसा दिसला तसा काढला होता. मग त्यांना भोक दिसलं असणार. मग त्यांनी कागद पालथा घातला आणि आरपार दिसणाऱ्या रेघांवर दुसऱ्या बाजूने शाई भरली. त्यांनी आईचा काप कागदावर सुलटा केला होता. मोठ्या सरांनी झापलं तेव्हा नुसतं एक बोट त्या भोकावर ठेवलं असतं तरी बाबा सुटले असते, आणि त्या यंत्रावरची तिसरी मुलगी घरी गेली असती. ते मान खाली घालून उभे राहिले. सरांनी पुन्हा काढायला सांगितलं, बाबा हो म्हणाले, आणि सर बदलून गेले तरी त्यांनी ते पुन्हा काढलं नाही. बोलणी खाल्ली, पण चुकीचं काही त्यांनी काढून दिलं नाही.

मी तिथेच एका खोक्यावर बसून रडले. रडताना रागही आला. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून हा माणूस जन्मभर दारात अंगठा पुढे करत राहिला आणि मलासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

मग मला भलतीच काळजी लागली. संच शुक्रवारी बंद होणार होता, त्यानंतर नोंद बदलता येणार नव्हती. बाबांच्या नावापुढे चूक तशीच ठेवावी, तर ती त्यांची नव्हती. खरं लिहावं, तर आईच्या नावापुढे एक आकडा लागणार होता. तिचं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून येत होतं, आणि एकही नाही ह्या दोन शब्दांवर ती एकतीस वर्षं नोकरी आणि नंतर पंधरा वर्षं निवृत्ती जगली होती. मॅडमना मी एक काप अडलाय, एवढंच सांगितलं. घरी आई रोज विचारायची, त्र्याण्णव आला का. मी म्हणायची, मशीन बंद आहे.

गुरुवारी तिने ठरवून टाकलं की उद्या ती स्वतः येणार. तो कागद एकदा मोठ्या पडद्यावर बघायचा होता तिला. "ह्यांची करामत," ती हसत म्हणाली. मी पायऱ्यांचं कारण सांगितलं, तिच्या गुडघ्यांचं सांगितलं. ती म्हणाली की त्या पायऱ्या ती माझ्या जन्माआधीपासून चढते आहे.

शुक्रवारी सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून आली. मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, नमस्कारच केला, आणि आपल्या खोलीत गेल्या. मी आईला आधी पहिला काप दाखवला, मग दहावा, मग पन्नासावा. ती रेखाटनांकडे बघत नव्हती, आपले काप बघत होती. एके ठिकाणी पातीचा ओरखडा उठलेला दिसला, तर म्हणाली, "ती पाती मला बदलून देत नव्हते मेले." मग त्र्याण्णव काढायला लावला.

मी फोटो मोठा केला आणि हळूच वर सरकवला, म्हणजे खालची बाजू पडद्याबाहेर जावी. चीर दाखवली. रेखाटन वर आणून, ही बघ ती दुसऱ्या बाजूला, असं दाखवलं. आई हसली, मान हलवली. मग पुढे वाकली.

"खाली घे," ती म्हणाली.

"खाली काही नाही गं."

"सुईचं भोक कुठाय? खाली घे."

मी खाली घेतलं. तिला शोधावं लागलं नाही. एकतीस वर्षं ती भोकं तिनेच पाडली होती. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग ब्याण्णव मागितला. मग चौऱ्याण्णव. मग माझा हात बाजूला करून स्वतःच बाणाचं बटण दाबत राहिली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. तिच्या बोटाचा वेग वाढत गेला आणि मग बोट थांबलं.

काचेच्या लेबलावर तिच्याच अक्षरात तारीख होती. ती तिने मोठ्याने वाचली. "हा मंगळवार होता," ती म्हणाली. "शेजारच्या यंत्रावरचीला त्या दिवशी सकाळी घालवलं होतं. माझे हात दुपारपर्यंत थरथरत होते. मला वाटलं, ती थरथर कुणाला कळली नाही."

मग तिने एकच विचारलं, बाबांना माहीत होतं का. मी खणातून तो कागद काढला, पालथा केला आणि तिचं बोट त्या रेघांवर ठेवलं. फुंकरीने उडणारे काप उचललेली बोटं ती, त्यांना सांगावं लागलं नाही. ती एका कडेवरून निघाली आणि पूर्ण आकृती फिरून त्याच जागी परत आली.

"सेहेचाळीस वर्षं मी ह्यांना हसले गं."

"बाबाही हसायचे, आई."

"तेच तर," ती म्हणाली, आणि रडायला लागली. बाबा गेले तेव्हा घरभर माणसं होती आणि ती सगळ्यांना चहा विचारत होती. इतकी रडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मी तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. मॅडम दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

डोळे पुसून झाल्यावर आईने विचारलं की आता ह्याचं काय लिहायचं असतं. मी दोन पर्याय दाखवले. तिथे माझंच निवडलेलं होतं, रेखाटनाची चूक. मी घाईघाईने म्हटलं की ह्याला काही अर्थ नाही, इतक्या वर्षांनी कोण बघणार आहे, बाबांनीच जे ठेवलं ते आपण तसंच ठेवू, बाबांचीही तीच इच्छा असणार. मी बरंच काही बोलले. मला तिचं ते ‘एकही नाही’ वाचवायचं होतं.

आईने ऐकून घेतलं. "त्यांनी खोटं काढलं नाही," ती म्हणाली, "आणि तू माझ्यासाठी खोटं लिहिणार? दाब ते दुसरं."

मी कापाची चूक दाबलं. बाबांचं रेखाटन सुलटं केलं आणि त्याऐवजी कापाचा फोटो उलटा केला. बाबांचा कागद नेहमीसारखा दोन अंश फिरवला. अठ्ठ्याण्णव टक्के. उजवीकडच्या यादीत काढणाऱ्याच्या नावापुढे शून्य आलं आणि कापणारीच्या नावापुढे एक. आईने दोन्ही नावं वाचली, आकड्यांसकट.

तेवढ्यात मॅडम आल्या आणि त्यांनी विचारलं की तो अडलेला काप सुटला का. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "त्र्याण्णव ना? ते माझं होतं."

निघताना ती टेबलापाशी थांबली. लेबलं लिहायचा शाईचा पेन आम्ही अजून वापरतो, काचेवर तीच शाई टिकते. तिने तो उचलून माझ्या हातात दिला आणि आपला डावा अंगठा पुढे केला. मी ठिपका दिला, तो जरा वाकडाच पडला. तिने मान किंचित डावीकडे टाकून त्याच्याकडे पाहिलं आणि चालेल म्हणाली. रिक्षात बसल्यावरही ती अंगठा पदरापासून लांब धरून होती, शाई वाळेपर्यंत पुसली जाऊ नये म्हणून.